तीन की एक? ख्रिस्ती त्रैक्याचं भांडण नेमकं कशावरून आहे

नाशिकमध्ये हा प्रश्न वर्षातून एकदा तरी कानावर येतोच, बहुतेक फेब्रुवारीत, नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा. ख्रिस्ती लोकं तर लांबलांबून येतातच, पण आपली हिंदू मंडळीही नवस बोलायला, मेणबत्ती लावायला भरपूर असतात, आणि घरी जाताना रिक्षात कुणीतरी हमखास विचारतं की यांचे देव नेमके किती हो? एक जण म्हणतो तीन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. दुसरा म्हणतो नाही नाही, ते तर एकच देव म्हणतात, उलट आपल्याला बोलतात तेहतीस कोटींवरून. मग तिसरा, जो सगळ्यात शहाणा असतो, तो निकाल लावून टाकतो, "अरे आपल्या त्र्यंबकेश्वरासारखंच आहे ते, ब्रह्मा विष्णू महेश." आणि विषय संपतो.

विषय तिथे संपत नाही, खरं तर तिथे सुरूच होत नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहू, की ख्रिस्ती लोक ज्याला पवित्र त्रैक्य म्हणतात ते आहे काय आणि मुख्य म्हणजे ते खरं आहे का.

मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगतो. पण शरणपूर रोडच्या आसपास वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती शेजारी, ख्रिस्ती मास्तर, नाताळचा केक हे काही नवीन नसतं. (शरणपूर हे 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेलं ख्रिस्ती गाव. गुलामांची ने-आण करणाऱ्या गलबतांवरून इंग्रजांनी सोडवलेली आफ्रिकन पोरं तिथे शिकायला ठेवली होती, त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनरीच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. विषयाशी तसा संबंध नाही, पण आपल्याच गावातली गोष्ट नाशिककरांना माहीत नसते म्हणून सांगितली.)

तर मुद्दा. त्रैक्याची शिकवण सात छोट्या वाक्यांत मावते. पिता देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे. पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. आत्मा म्हणजे पिता नव्हे. आणि देव एकच आहे. झालं, एवढंच. यात पुत्र म्हणजे नाझरेथचा येशू, जो पुत्र आधीपासून होताच आणि मग माणूस झाला असं ते मानतात.

आता ही सातही वाक्यं एकदम हातात धरायची म्हटलं की बोटातून काहीतरी निसटणारच. शेवटचं सोडलं तर तीन देव झाले. मधली तीन सोडली तर एकच देव तीन सोंगं घेतो असं झालं. आणि दुसरं-तिसरं सोडलं तर येशू आणि आत्मा हे देवाने निर्माण केलेले, देवाहून खालचे कुणीतरी ठरतात, फार थोर पण देव नव्हे. चर्चच्या पहिल्या चारशे वर्षांतली बरीचशी भांडणं म्हणजे कुणी कुठलं वाक्य सोडलं याचीच आहेत, आणि त्रैक्याचा सिद्धांत हा मला तरी देवाच्या फोटोपेक्षा बांधावर लावलेल्या काट्यांसारखा वाटतो, इकडे जाऊ नका, तिकडेही जाऊ नका, मध्ये नेमकं काय आहे ते मात्र कुणी काढून दाखवत नाही.

त्रिमूर्तीचं बघू आधी, कारण आपल्याकडे तीच पहिली आठवते. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात पिंडीच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू, महेश. त्यामुळे तीनात एक हे आपल्याला अजिबात विचित्र वाटत नाही आणि नेमकी तिथेच फसगत होते. त्रिमूर्तीत साधारण कामाची वाटणी आहे, एक निर्माण करतो, एक सांभाळतो, एक संहार करतो. त्रैक्यात ही वाटणी चालतच नाही. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतापासून नियमच आहे की जगाच्या बाबतीत तिघं जे करतात ते तिघं मिळून एकच काम करतात, पित्याने जग केलं आणि मग चार्ज पुत्राकडे दिला असं काही नाही. दत्तगुरूंचं चित्र जास्त जवळचं वाटेल, तीन शिरं आणि देह एक, आणि युरोपात मध्ययुगात खरोखरच चित्रकार तीन तोंडांचा देव काढायचे, चर्चमध्ये लावायचेसुद्धा. पण रोमला ते पटलं नाही, 1628 साली पोप आठवा अर्बन याने असल्या चित्रांवर बंदी घातली. कारण एका धडावर तीन तोंडं म्हणजे तिघांनी देवपण वाटून घेतल्यासारखं दिसतं, आणि त्यांचं म्हणणं असं की पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्माही पूर्ण देव, कुणाच्या वाट्याला तिसरा हिस्सा नाही.

मग मुलांना शिकवताना हमखास देतात ते बर्फ, पाणी, वाफ. तेही चुकतं, आणि हे ऐकून बऱ्याच ख्रिस्ती मित्रांनाच धक्का बसतो. कारण तेच पाणी कधी बर्फ होतं कधी वाफ, म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या अवतारात. तिसऱ्या शतकात सबेलियस नावाच्या माणसाच्या नावावर साधारण हेच मत आहे आणि चर्चने ते पाखंड म्हणून बाहेर काढलं. का काढलं ते बघण्यासारखं आहे. अटक व्हायच्या रात्री येशू गेथशेमाने बागेत गुडघे टेकून पित्याला विनवतो, की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. जर पिता आणि पुत्र हे एकाच नटाचे दोन रोल असतील तर ही प्रार्थना म्हणजे निव्वळ नाटक झालं, स्वतःच स्वतःला विनवतोय. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचणाऱ्या कुणालाच तसं वाटत नाही. तिथे खरंच कुणीतरी कुणाला तरी "तू" म्हणतंय.

हे "तू" म्हणणं लक्षात ठेवा, कारण आपल्याकडच्या एका फार देखण्या प्रयत्नाची अडचण तिथेच आहे. बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनी 1882 साली त्रैक्यावर व्याख्यान दिलं आणि सांगितलं की हे तर आपलं सच्चिदानंद, सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. पुढे ब्रह्मबांधव उपाध्याय, जे बंगाली ब्राह्मण होते आणि कॅथलिक झाले, त्यांनी 1898 मध्ये याच कल्पनेवर संस्कृतात स्तोत्र रचलं, वंदे सच्चिदानंदम्. मला हे स्तोत्र मनापासून आवडतं, आणि भारतीय डोक्याला त्रैक्य समजावायला याच्याइतकं जवळचं दुसरं काही सापडणार नाही. पण सत्, चित् आणि आनंद हे ब्रह्माचं स्वरूप आहे, ते एकमेकांशी बोलत नाहीत. चित् कधी सत् ला "हे बापा" म्हणत नाही.

आता लॉजिक. बहुतेक वादविवाद इथेच अडकतात, एक अधिक एक अधिक एक तीन होतात, एक कसे होतील, शाळेत गेला होता की नाही वगैरे. हा हल्ला जितका सोपा वाटतो तितका तो नाहीये, आणि उत्तरही ख्रिस्ती मंडळी देतात तितकं सोपं नाही.

गोदावरीचं उदाहरण घेऊ, रामकुंडावर उभं राहून. आपण नाशिककर म्हणतो गोदावरी ही गंगा आहे, "गंगेवर जाऊन आलो" म्हणतो तेव्हा गोदावरीच म्हणायची असते. इथे आहे म्हणजे तीच ती, नावं दोन, वस्तू एक. आणि आपण असंही म्हणतो की गोदावरी नदी आहे. इथे आहे म्हणजे त्या जातीतली एक, जशी दारणा नदी आहे, कादवा नदी आहे. आता "पिता देव आहे, पुत्र देव आहे" यातलं आहे कुठलं? पहिलं असेल तर पिता म्हणजेच देव, पुत्र म्हणजेच देव, मग पिता म्हणजेच पुत्र झाला आणि चौथं वाक्य कोसळलं. दुसरं असेल तर गोदावरी, दारणा, कादवा मिळून तीन नद्या होतात तसे तीन देव झाले आणि सातवं वाक्य कोसळलं. त्रैक्यवाल्यांना म्हणून तिसराच काहीतरी अर्थ लागतो.

आणि तो शोधायचा प्रयत्न लोकांनी मनापासून केलाय, "श्रद्धेचा विषय आहे, विचारू नका" एवढ्यावर सोडून दिलेलं नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदोकियामध्ये तिघं जण होते, बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. निस्साच्या ग्रेगरीला कुणीतरी सरळच विचारलं होतं की पेत्र, याकोब, योहान या येशूच्या शिष्यांचं माणूसपण एकच असून आपण तीन माणसं म्हणतो, मग तीन देव का नाही? त्याचं मुख्य उत्तर असं की तीन माणसं एकाच धंद्यात असली तरी प्रत्येकाचं काम वेगळं वेगळं चालतं, पण पिता-पुत्र-आत्म्याची इच्छा आणि कृती मुळातच एक आहे, तिथे तीन कामं मोजताच येत नाहीत. पटतं? मला अर्धंच पटतं. तिघांचं कितीही एकमत असलं तरी ते तिघंच ना.

विसाव्या शतकात पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने वेगळी वाट काढली. तो म्हणाला नुसतं "तेच आहे का" असा प्रश्नच अर्धवट आहे, कशाच्या हिशोबाने तेच ते सांगा. मग "तोच देव" हा एक हिशोब आणि "तीच व्यक्ती" हा दुसरा हिशोब, पिता आणि पुत्र पहिल्या हिशोबाने एक, दुसऱ्या हिशोबाने दोन. यात विसंगती राहत नाही हे खरं. पण एका हिशोबाने एकच आणि दुसऱ्या हिशोबाने दोन अशी दुसरी कुठलीही गोष्ट जगात दाखवा म्हटलं की जी उदाहरणं येतात ती फारशी टिकत नाहीत, आणि टीका करणारे म्हणतात हा नियम तुम्ही फक्त देवासाठी बनवलाय. दुसऱ्या टोकाला रिचर्ड स्विनबर्नसारखे लोक आहेत, ते म्हणतात सरळ तीन जाणिवा माना, प्रेमाने इतक्या घट्ट जोडलेल्या की एकाशिवाय दुसरा असूच शकत नाही. हे समजायला सोपं आहे पण मग ते सभ्य कपडे घातलेले तीन देवच वाटतात, आणि यहुदी आणि मुसलमान लोक हेच तर पहिल्यापासून म्हणत आलेत, कुराणात 4:171 मध्ये स्पष्टच आहे, तीन म्हणू नका.

माझं मत विचाराल तर लॉजिकने त्रैक्य बुडत नाही, पण तरंगायला त्याला जी किंमत मोजावी लागते ती स्वस्त नाही. आणि एखादी गोष्ट विसंगत नाही एवढ्यावरून ती खरी आहे असं काही होत नाही, हे तर कुणीही सांगेल. म्हणून गणिताच्या मुद्द्यावर तासन्तास घालवणारे दोन्ही बाजूचे लोक मला जरा वेळ वाया घालवणारे वाटतात. खरं भांडण दुसरीकडेच आहे.

ते भांडण येशू कोण होता याचं आहे. त्रैक्य कुणी खोलीत बसून, देव कसा असेल बरं, असा विचार करून काढलेलं नाही. पहिले ख्रिस्ती लोक सगळे यहुदी. रोज म्हणायचे, हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे. मूर्ती नाही, दुसरा देव नाही, त्यासाठी जीव द्यायची तयारी. आणि हेच लोक एका सुताराला, ज्याला त्यांच्याच हयातीत रोमन सरकारने क्रूसावर मारलं, त्याला प्रभू म्हणायला लागले, त्याच्या नावाने प्रार्थना करायला लागले. असं का व्हावं हा प्रश्न इतिहासाचा आहे.

इथे तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड मध्ये आणायलाच लागतो, तुम्हालाही आला असेल, की येशूला देव कॉन्स्टंटाइन बादशहाने बनवलं, 325 साली निकेयाच्या परिषदेत मतदान घेऊन. हे चूक आहे. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाची बायबलमधली पत्रं इसवी सन 50 च्या दशकातली, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेली. त्यातल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, आठव्या अध्यायात, पौल ती "एकच परमेश्वर" वाली जुनी कबुली घेतो आणि तिचे दोन भाग करतो, एकच देव म्हणजे पिता आणि एकच प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त. परूशी या कडक पंथातल्या यहुद्याने असं लिहावं ही साधी गोष्ट नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर येशूसमोर प्रत्येक गुडघा टेकेल असं आहे आणि ते शब्द जुन्या करारात खुद्द परमेश्वराबद्दलचे आहेत. रोमन अधिकारी प्लिनी साधारण 112 साली सम्राट ट्रेजनला रिपोर्ट पाठवतो की हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र गातात. कॉन्स्टंटाइन जन्मायला अजून दीडशे वर्षं होती.

बरं निकेयात, जिथे बिशपांनी पुत्र हा पित्याइतकाच देव असं ठरवलं, मतदान घासून वगैरे झालं म्हणावं तर तेही नाही, सही करायला शेवटपर्यंत नकार देणारे बिशप दोनच, दोघंही लिबियाचे. आणि कॉन्स्टंटाइनने तरी काय केलं, 337 साली मरताना बाप्तिस्मा घेतला तो निकोमेदियाच्या युसेबियसकडून, जो पुत्र देवाने निर्माण केलेला म्हणणाऱ्या आरियसचा जुना पाठीराखा. त्याचा पोरगा कॉन्स्टँटियस उघड उघड विरुद्ध पार्टीकडे झुकलेला. निकेयाचा सगळ्यात मोठा लढवय्या अथनासियस, अलेक्झांड्रियाचा बिशप, त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. म्हणजे सत्तेच्या जोरावर त्रैक्य लादलं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की मधली बरीच वर्षं सत्ता उलट बाजूला होती. अर्थात 380 मध्ये थिओडोसियसने निकेयाचं मत हाच साम्राज्याचा धर्म असं फर्मान काढलं, तेव्हापासून मात्र सत्तेचा हात स्पष्ट आहे, आणि पुढे तर विचारूच नका, मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारलं म्हणून 1553 साली जिनिव्हात जिवंत जाळलं. तेही प्रोटेस्टंट गावात.

त्या काळात लोक यात किती गुंतले होते त्याचं निस्साच्या ग्रेगरीने केलेलं वर्णन फार मजेशीर आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये म्हणे सुट्टे मागितले तर समोरचा जन्मलेला आणि अजन्मा यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारला तर म्हणतो पिता मोठा पुत्र लहान, आणि आंघोळीचं पाणी तापलं का विचारलं तर म्हणतो पुत्र शून्यातून निर्माण झाला. आपल्याकडे मिसळीवरून अशी भांडणं होतात, कुठली चांगली म्हणून, पण तिथे थेट देवाचं स्वरूप.

आता दुसऱ्या बाजूचं फॉरवर्डही तितकंच कच्चं आहे, की त्रैक्य बायबलमध्ये जसंच्या तसं लिहिलेलं आहे. नाहीये. तो शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, इसवी सन 200 च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियनने तो लॅटिनमध्ये रूढ केला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावं एकत्र येतात, मत्तयाच्या शेवटी बाप्तिस्म्याच्या आज्ञेत येतात, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या आशीर्वादात येतात, पण तिघं मिळून एक देव असं वाक्य तिथे नाही. एक वाक्य होतं, योहानाच्या पहिल्या पत्रात 5:7 ला, स्वर्गात साक्ष देणारे तीन आणि ते तिघे एक. ते नंतर घुसलेलं निघालं. इरॅस्मस नावाच्या विद्वानाने 1516 साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा जुन्या ग्रीक प्रतींमध्ये ते सापडेना म्हणून त्याने गाळलं, बोंबाबोंब झाली, आणि 1522 च्या आवृत्तीत परत घालावं लागलं. न्यूटनने, हो तोच सफरचंदवाला, यावर 1690 साली मोठा निबंध लिहिला होता आणि तो मनातून त्रैक्य मानत नव्हता, पण जिवंतपणी छापला नाही. नोकरी होती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, कॉलेजचं नावच त्रैक्य, बोलणार काय.

शिवाय येशूच्याच तोंडची वाक्यं आहेत. पिता माझ्यापेक्षा थोर आहे, योहान 14:28. त्या दिवसाविषयी कुणालाच माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला, मार्क 13:32. आरियस ह्याच वाक्यांवर उभा होता. तो काही खलनायक नव्हता, अलेक्झांड्रियाचा साधा राहणारा, चांगला बोलणारा पाळक, आपली मतं गाण्यात बांधून खलाशांना, जात्यावरच्या लोकांना म्हणायला लावणारा. त्याचं म्हणणं ऐकायला अगदी रास्त, की बाप आधी, पोरगा नंतर, म्हणजे एक वेळ अशी होती की पुत्र नव्हता, सगळ्या सृष्टीआधी देवाने त्याला निर्माण केलं. पण त्याच योहानात उलटी वाक्यंही आहेत ना. पहिल्याच ओळीत शब्द देव होता, आणि शब्द म्हणजे पुत्रच. मी आणि पिता एक आहोत. आणि शेवटी थोमा हा शिष्य, जो आपल्याकडे केरळात आला म्हणतात, तो मेलेल्यातून उठलेल्या येशूच्या जखमांकडे बघून म्हणतो, माझा प्रभू आणि माझा देव, आणि येशू त्याला गप्प करत नाही.

म्हणजे बायबलमध्ये कच्चा माल आहे, तयार वस्तू नाही. दोन्ही प्रकारची वाक्यं एकत्र ठेवायची तर काय म्हणावं लागेल, याचं उत्तर म्हणजे त्रैक्य. पवित्र आत्म्याचं तर आणखीच उशिरा ठरलं, निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे तिथे ठरलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, त्याच्याबद्दल फक्त एवढंच की आम्ही पवित्र आत्म्यावरही विश्वास ठेवतो, पुढे काही नाही. तो जीवन देणारा प्रभू आहे, पिता-पुत्राबरोबर त्याचीही उपासना होते, हे 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत जोडलं. आणि तो फक्त पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, यावरून पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च भांडलं ते आजवर भांडतंय, ते सोडूनच देऊ.

अथनासियसचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो कारण तो गणिताचा नाहीच. तो म्हणतो, तुम्ही येशूकडे तारणारा म्हणून बघता ना, तो माणसाला देवापर्यंत नेतो म्हणता ना, मग तो स्वतःच निर्माण केलेला असेल तर कसा नेईल? निर्मिती आणि निर्माता यांच्यातली दरी निर्मितीतलंच कुणी भरू शकत नाही. आणि तो देव नसताना तुम्ही त्याची पूजा करत असाल तर ती मूर्तिपूजाच. दोन्हीकडून कोंडी. आरियसला याला नीट उत्तर देता आलं असं मला वाटत नाही. पण बघा, हा सगळा युक्तिवाद जो माणूस आधीच येशूला तारणारा मानतो त्याच्यावरच चालतो. जो त्याला थोर गुरू, पैगंबर, संत एवढंच मानतो त्याला कोंडी होतच नाही, तो म्हणेल बरं मग पूजा थांबवा.

अजून एक युक्तिवाद आहे, प्रेमाचा, बाराव्या शतकातल्या सेंट व्हिक्टरच्या रिचर्डचा. देव प्रेम आहे म्हणता तर जग व्हायच्या आधी तो कुणावर प्रेम करत होता? प्रेमाला दुसरा लागतो, आणि पूर्ण प्रेमाला तो दुसरा आणि मी मिळून ज्याच्यावर प्रेम करू असा तिसराही लागतो. ऐकायला फारच गोड. पण चौथा का नको याचं उत्तर मला त्यात मिळत नाही, म्हणून मी त्याला पुरावा म्हणणार नाही, सुंदर विचार म्हणेन.

आपल्याकडच्या लोकांनी हे कसं पचवलं ते फार रोचक आहे. राजा राममोहन रॉय यांनी 1820 साली येशूची नीतिवचनं वेगळी काढून छापली, चमत्कार आणि त्रैक्य बाजूला ठेवून, त्यावरून सेरामपूरच्या मिशनऱ्यांशी जोरदार वाद झाला आणि त्या गडबडीत विल्यम ॲडम नावाचा मिशनरीच त्रैक्य सोडून राममोहनांच्या बाजूला आला. बाकीचे गोरे त्याला चिडवायचे, हा दुसऱ्यांदा पतन पावलेला आदाम म्हणून.

आणि मराठीतल्या दोन व्यक्ती. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण घेतल्यावरही त्रैक्य त्यांच्या गळी उतरेना. मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार आहे त्यात त्या मुद्द्याला मुद्दा देतात, तुमच्या चर्चने सांगितलं म्हणून मानणार नाही, बायबलमध्ये मला दिसलं तर मानेन, असा एकूण सूर. समोरच्या बायका हैराण. वेदांत सोडून आलेली बाई एका देवावरून तडजोड करायला तयार नव्हती, आणि मला विचाराल तर त्या दोघींपेक्षा हा प्रश्न रमाबाईंना जास्त खोलवर कळला होता. पुढे त्यांची श्रद्धा येशूभोवतीच घट्ट होत गेली, ती वादात हरून नव्हे, स्वतःच्या अनुभवाने. दुसरे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. ते 1901 ते 1903 ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते कॉलेज युनिटेरियन लोकांचं, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या, येशूला माणूस मानणाऱ्या ख्रिस्ती परंपरेचं. तिथून आले आणि प्रार्थना समाजाचे राहिले. येशूबद्दलचा आदर दोघांनाही होता, एकाच पुस्तकातून आला होता, इंग्लंडही तेच. फरक कुठे पडला तर येशू कोण या एका ठिकाणी.

म्हणून "त्रैक्य खरं आहे का" याला माझं सरळ उत्तर असं. ते नंतर कुणी बनवलेलं खोटं नाही, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या पूजेतूनच ते उगवलंय. ते साधी गणितातली चूकही नाही, पण स्वच्छ समजलंय असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आणि नुसत्या तर्काने कुणी तिथे पोचेल असंही नाही, केशवचंद्रांसारखं सच्चिदानंदापर्यंत फार तर पोचता येईल. येशू मेलेल्यातून उठला आणि तो स्वतः देवच होता हे ज्याने मानलं त्याला त्रैक्यापासून पळायला जागा उरत नाही, आरियसने पळून बघितलंच. ज्याने ते मानलं नाही त्याला जगातला कुठलाही बर्फ, कुठलीही वाफ पटवू शकणार नाही. मी अजून दुसऱ्या गटात आहे. माझ्या ख्रिस्ती मित्रांशी बोलताना मी आता तीन भागिले एक असलं काही विचारत नाही, सरळ विचारतो की त्या रविवारी कबर रिकामी होती असं तुला कशावरून वाटतं, आणि मग मात्र चहा दोनदा होतो.